सोडण

मंगळवारपासून मशीन पाणी सोडत नाही.
घुरघुरतं, थांबतं, पुन्हा घुरघुरतं.
गोल काचेआड पाहुण्यांच्या चार चादरी
गढूळ पाण्यात बसून आहेत,
शेवटची एसटी चुकलेल्या माणसांसारख्या.
मग तीनदा पीप, आणि वर एक आकडा.
त्याचा अर्थ पुस्तिकेत आहे,
पुस्तिका मागच्या वर्षी वाळवीने खाल्ली.

अल्ताफ परकार दापोलीहून फोनवर म्हणतो,
"वहिनी, मी शुक्रवारशिवाय नाही.
खाली उजवीकडे झाकण आहे बघा, नाण्याने उघडा.
आधी परात लावा. सगळे विसरतात."
मी विसरले नाही.
माझे वडील इचलकरंजीत जॉबर होते,
शाळा सुटली की मी मागाखाली, त्यांना पाना द्यायला.
स्क्रूची भीती मला कधी वाटली नाही.
आंजर्ल्यात अकरा वर्षं झाली,
भीती वाटते ती इथल्या माणसांच्या "हं" ची.

परातीत पडलं ते असं:
मूठभर काळसर वाळू,
केसांचा चाप, दोन रुपयांचं नाणं,
कुणा पोराच्या खिशातला शिंपला,
साबणाने इतका गोरा झालेला
की समुद्रानेही ओळखला नसता.
आतलं चाक बोटाने फिरवलं. फिरलं.
झाकण लावलं, बटण दाबलं.
घुरघुर.
पीप, पीप, पीप.

"नळी काढून बादलीत धरा,"
त्याच्यामागे कुणाचा तरी मिक्सर किंचाळत होता.
धरली.
पाणी असं आलं की गुडघ्यापर्यंत भिजले
आणि एकटीच हसले.
"मग मशीन बरं आहे, वहिनी.
दुखणं पुढे आहे, पाइपात."

पाइपामागे निघाले.
न्हाणीच्या मागून, चिऱ्याच्या पायऱ्यांखालून,
विहिरीला लांबचा वळसा, मग वाडीत.
पोफळींत भर दुपारीही
दिवेलागण झाल्यासारखं असतं.
पाइप कुठे फुटलेला नाही, कुठे दबलेला नाही.
शेवटच्या पोफळीच्या बुंध्याशी तो संपतो
आणि त्याच्या तोंडात
नारळाचं सोडण, ठोकून बसवलेलं,
वरून काथ्याचे तीन वेढे
आणि एक गाठ,
जी या घरात एकाच माणसाला येते.

(सोडण हा शब्द मी इथे येऊन शिकले.
आधी वाटायचं, क्रियापद आहे.)

त्या पोफळीवर मिरीचा वेल चढतोय.
आबांनी विद्यापीठातून आणलेला,
ओल्या गोणपाटात, मांडीवर,
एसटीत शेजारणीला
"जरा कोपर सांभाळा" म्हणत.
खालची पानं पिवळी, कडांना करपलेली,
मातीवर साबणाची साय.
मला काही बोलले नव्हते.
एकदा जेवताना म्हणाले, "पावडर उग्र दिसते."
मी म्हटलं, चादरींना लागते तेवढी.
ते म्हणाले, "हं."

गाठीला हात लावला नाही.
करवत आणली, विहीर ओलांडल्यावर पाइप कापला,
खोपटातला जुना एल्बो घासून बसवला,
सोल्युशन लावलं, बोटं चिकटली.
तोंड अळवाकडे वळवणार होते;
पण अळू आम्हीच खातो.
मग कुंपणाबाहेर, केवड्याच्या जाळीकडे.
केवड्याला काय वाटेल
ते विचारायचं राहिलं.

चादरी पिळून निघाल्या. दोरीवर
खाऱ्या वाऱ्यात फडफडत राहिल्या.
आबा संध्याकाळी वाडीत गेले,
नेहमीपेक्षा उशिरा आले.
पाय धुतले, पाटावर बसले.
मी आमटी वाढली.
"पावडर तीच?" त्यांनी विचारलं.
"तीच," मी म्हटलं. "वाट बदलली."
"हं."

सकाळी न्हाणीच्या चुलीपाशी
ते सोडण उताणं वाळत घातलेलं,
काथ्या नीट गुंडाळून खिळ्याला.
गाठ त्यांनीच सोडली होती.
हात लावून पाहिलं, आतून अजून ओलं.
पेटायला दोन दिवस लागतील.